कोल्हापुरातल्या ग्राइंडिंगवाल्यांनी गाइड वायर आणि कॅथेटरच्या कामात कुठून शिरावं?

तुम्ही लिहिलंय की शिवाजी उद्यमनगरात तुमचं सेंटरलेस ग्राइंडिंगचं (दोन व्हीलमध्ये फिरवत गोल काम घासायचं) वर्कशॉप आहे, वाहनांच्या पिना आणि शाफ्टची कामं चालतात. अँजिओप्लास्टीच्या गाइड वायर आणि कॅथेटरची रचना कशी असते आणि त्यातलं काय तुमच्याकडे होऊ शकेल, असं विचारलंय. आधी रचना सांगतो. ती कळली की तुमच्या वाट्याचं काम कुठलं ते लगेच लक्षात येईल.

सुईने धमनीत शिरायचं, सुईतून वायर सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि वायरवरून नळी आत न्यायची, ही पद्धत सेल्डिंगर यांनी १९५३ साली मांडली. आजही पाया तोच आहे. मनगटातून किंवा जांघेतून ०.०३५ इंची वायर महाधमनीत नेतात, तिच्यावरून कॅथेटर, म्हणजे ती नळी, हृदयाच्या धमनीच्या तोंडाशी बसवतात. मग त्या कॅथेटरमधून ०.०१४ इंची, म्हणजे ०.३६ मिमीची बारीक वायर ब्लॉकच्या पलीकडे घालतात आणि तिच्यावरून बलून आणि स्टेंट जातात. या बारीक वायरची लांबी साधारण १८० ते १९० सेमी असते. वायर जागेवर ठेवून मागून लांब सामान बदलायचं असेल तर ३०० सेमीची घेतात.

या वायरकडून तीन गोष्टी हव्या असतात आणि त्या एकमेकींच्या विरोधात जातात. मागून ढकलली की पुढे सरकली पाहिजे, म्हणजे ताठ हवी. बाहेर बोटांनी फिरवली की आत टोक तेवढंच फिरलं पाहिजे. आणि टोक इतकं मऊ हवं की धमनीला भोक पडता कामा नये. हे साधतं ते कोअरच्या टेपरमुळे, म्हणजे निमुळतेपणामुळे. मधली अखंड तार मागे जवळजवळ पूर्ण जाडीची असते, शेवटच्या काही दहा सेंटीमीटरमध्ये पायऱ्यापायऱ्यांनी घासत आणतात आणि टोकाशी ती ०.०५ ते ०.०८ मिमी उरते. काही वायरींमध्ये शेवटचा भाग ठोकून चपटा करतात.

तुम्ही ग्राइंडिंग करता, म्हणून इथे जरा थांबतो. गोल तारेचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. व्यास निम्मा केला की ताठपणा सोळावा हिस्सा राहतो. आता चूक किती महाग पडते ते बघा. ०.३६ मिमीच्या भागात ५ मायक्रॉन (०.००५ मिमी) जास्त राहिले तर ताठपणा साधारण ६ टक्के वाढतो, कुणाला जाणवणारही नाही. तेच ५ मायक्रॉन ०.०५ मिमीच्या टोकात जास्त राहिले तर ताठपणा ४६ टक्के वाढतो, कमी झाले तर ३४ टक्के घटतो. एकाच लॉटमधली एक वायर मऊ आणि दुसरी टोचणारी निघते ती इथे. नेहमीच्या वापरातल्या वायरचं टोक एक ग्रॅमच्या आतबाहेर भाराला वाकतं. पूर्ण बंद झालेला ब्लॉक भेदायच्या वायरींना ३ ग्रॅमपासून १२ ग्रॅम आणि त्याहून जास्त भार लागतो. हा भार टोकाच्या १ सेमी मागे वायर धरून, टोक वजनकाट्यावर टेकवून मोजतात.

पीळ मागून पुढे पोचण्यासाठी जाडीइतकाच सरळपणा महत्त्वाचा आहे. कोअरला किंचित जरी बाक असेल तर वळणाच्या धमनीत तार एका ठराविक बाजूला बसू पाहते. डॉक्टर फिरवत राहतात, टोक हलत नाही, पीळ साठत जातो आणि मग टोक एकदम उडी मारतं. म्हणून ग्राइंडिंगच्या आधी तार सरळ करणं हे स्वतंत्र काम आहे, आणि माझ्या मते तिथेच अर्धी वायर घडते.

धातू मुख्यतः दोन. कडक ओढलेलं स्टेनलेस स्टील पीळ छान पोचवतं, स्वस्त पडतं, पण एकदा मुडपलं की मुडपलं. नायटिनॉल, म्हणजे वजनाने सुमारे ५५ टक्के निकेल आणि बाकी टायटॅनियम, ७-८ टक्के ताण खाऊनही परत सरळ होतं. पण ते स्टीलपेक्षा मवाळ आहे, ढकलण्यात कमी पडतं, आणि टोकाला डॉक्टरांनी दिलेला आकारही सहज धरत नाही. म्हणून मागे स्टील आणि पुढे नायटिनॉल असा जोड देतात, आणि तो जोड ही खरी डोकेदुखी आहे. दोन्ही सरळ वितळवून जोडले तर सांध्यात ठिसूळ संयुगं तयार होतात आणि वाकवल्यावर तिथेच मोडतं. त्यामुळे बारीक नळीची बाही चढवून जोडतात किंवा डाग (सोल्डर) देतात. नायटिनॉलवरचा ऑक्साइड फोडायला जहाल फ्लक्स लागतो. तो धुतल्यावर कणभर जरी मागे राहिला तर मिठाच्या पाण्याच्या गंज-चाचणीत वायर नापास होते.

कोअरच्या पुढच्या भागावर ०.०५ ते ०.०७ मिमी तारेचं स्प्रिंग चढवतात. त्याचा शेवटचा २-३ सेमी भाग प्लॅटिनमच्या मिश्रधातूचा असतो, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर टोक काळं दिसतं. सगळ्यात पुढे वितळवून केलेला अर्धगोल मणी. कोअर त्या मण्यापर्यंत जात असेल तर पीळ आणि हाताला लागणारी चाहूल दोन्ही चांगली मिळतात. कोअर आधीच संपवून पुढे बारीक चपटी पट्टी दिली तर टोक मऊ होतं, आकार धरतं, पण फिरवण्यात ढिलं पडतं. टोक धमनीत साचलेल्या कॅल्शियममध्ये अडकलेलं असताना एकाच दिशेने फिरवत राहिलं तर मण्यामागचा भाग तुटतो. अडकलेली वायर जोराने ओढली तर स्प्रिंग उलगडत जातं. या दोन्ही गोष्टी रुग्णाच्या धमनीत घडतात, म्हणून मण्याची आणि सांध्याची ओढ-चाचणी हे कागद भरण्यापुरतं काम समजू नका.

लेपाबद्दल थोडक्यात. मागच्या भागावर पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन, असतं. पुढे पाणी शोषून बुळबुळीत होणारा लेप असतो, तो ओला असेपर्यंतच सरकतो आणि वाळला की चिकटतो. असा लेप असलेली वायर धातूच्या सुईतून मागे ओढायची नसते, सुईची धार लेप सोलून काढते.

आता कॅथेटर. याचं माप फ्रेंचमध्ये सांगतात, ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी. ६ फ्रेंचच्या गाइडिंग कॅथेटरचा बाहेरचा व्यास सुमारे २ मिमी, आतला सुमारे १.८ मिमी. म्हणजे भिंत फक्त ०.१ मिमी, आणि त्यात तीन थर. आत सुमारे ०.०२ मिमीचं पीटीएफईचं अस्तर. मधे स्टीलच्या चपट्या तारांची वेणी. तार ०.०२५ मिमी जाड, आणि जिथे दोन तारा एकमेकींवरून जातात तिथे ०.०५ मिमी. उरलेल्या ०.०३ मिमीत बाहेरचं प्लॅस्टिक, बहुतेक वेळा पेबॅक्स (नायलॉनच्या जातीचं लवचीक प्लॅस्टिक) किंवा नायलॉन. वेणी विरळ असली तर नळी लांबीत ताठ राहते, पण वळणावर मुडपते. दाट केली तर मुडपत नाही, पण ढकलताना मऊ लागते. पीळ पोचवायला तारांचा कोन ४५ अंशांच्या आसपास चांगला. इचलकरंजीचे माग आपल्या शेजारीच आहेत, पण ते विणतात, वेणी घालत नाहीत. या कामाला बॉबिन एकमेकांभोवती फिरणारं वेगळं मशीन लागतं.

बाहेरचं प्लॅस्टिक मागून पुढे मऊ होत जातं, ७२ शोअर डीपासून (हे प्लॅस्टिकच्या कडकपणाचं माप) टोकाशी ३५पर्यंत. वेगवेगळ्या कडकपणाचे तुकडे ओळीने सरकवायचे, वरून उष्णतेने आकसणारी एफईपीची (टेफ्लॉनच्या जातीचं प्लॅस्टिक) नळी चढवायची आणि तापवायचं. पेबॅक्स ग्रेडनुसार साधारण १३५ ते १७५ अंश सेल्सिअसला वितळतं. एफईपीला वितळायला २६० अंश लागतात, म्हणून ती न वितळता आकसते आणि आतलं प्लॅस्टिक वेणीत दाबते. गार झाल्यावर एफईपी चिरून सोलून टाकायची.

इथे बिघडतं ते असं. अस्तराचा बाहेरचा पृष्ठभाग सोडियमयुक्त रसायनाने खरवडून तपकिरी केलेला नसेल, किंवा ते अस्तर उजेडात पडून राहिलं असेल, तर पेबॅक्स त्याला धरत नाही आणि थर सुटतात. सुटलेलं अस्तर आत गोळा झालं की बलून अडकतो. दुसरं म्हणजे ओल. पेबॅक्स आणि नायलॉन दोन्ही हवेतली ओल ओढतात. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे जी हवा असते, त्यात प्लॅस्टिकच्या दाण्याचं पोतं उघडं तासभर ठेवलं तरी नळीत बुडबुडे येतात. एक्सट्रूजनआधी, म्हणजे वितळवून नळी काढण्याआधी, दाणा काही तास वाळवणं आणि हॉपर (मशीनवरचं दाण्याचं नरसाळं) बंद ठेवणं याला पर्याय नाही. एक्स-रेत दिसावं म्हणून प्लॅस्टिकमध्ये वजनाने २० ते ४० टक्के बेरियम सल्फेट मिसळतात. त्याहून वाढवलं तर नळी ठिसूळ होते.

निर्जंतुकीकरण इथिलीन ऑक्साइडने करतात, कारण गॅमा किरणांनी पीटीएफईचा चुरा होतो. ताकदीसाठी आयएसओ १०५५५-१ हे आंतरराष्ट्रीय मानक बघा. १.८५ मिमी आणि त्याहून जाड भागाला किमान १५ न्यूटन ओढ सहन झाली पाहिजे, १.१५ ते १.८५ मिमीला १० न्यूटन. वायरसाठी आयएसओ ११०७० आहे.

आता तुमचं काम. वायरच्या कोअरचं ग्राइंडिंग तुमच्या सध्याच्या मशीनवर होईल असं समजू नका. ०.३ मिमीची दोन मीटर तार आत जाताना मागे चाबकासारखी उडते, तिला मागे नळीतून सांभाळावं लागतं. तार किती पुढे गेली ते मोजून त्या हिशोबाने दोन व्हीलमधलं अंतर चालू कामात बदलावं लागतं. ती मशीनच वेगळी असतात.

तुम्ही करू शकाल असं मला वाटतं ते मॅन्ड्रेलचं काम. कॅथेटर ज्या सळईवर बांधतात ती. १.८ मिमी व्यास, दीड मीटर लांबी, कडक स्टेनलेस, पूर्ण लांबीत ५ मायक्रॉनच्या आत फरक. तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा अस्तरावर उमटतो. टोकं गोल हवीत, नाहीतर चढवतानाच अस्तर फाटतं. मॅन्ड्रेल झिजतात आणि वाकतात, त्यामुळे मागणी परत परत येते. ही उत्पादनाची अवजारं असल्यामुळे त्यांना वैद्यकीय उपकरणाचा परवाना लागत नाही. तयार वायर किंवा हृदयाचं कॅथेटर बनवायचं ठरवलंत तर मात्र वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू होतात, आणि वरच्या वर्गांचा परवाना राज्याकडून नाही, केंद्राकडून मिळतो.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा. ज्या व्हीलवर आणि ज्या कूलंटमध्ये तुम्ही ईएन ८ (साधं कार्बन स्टील) किंवा कास्टिंग घासता, त्यावर स्टेनलेस घेऊ नका. लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि दोन दिवसांत तांबूस ठिपके येतात. वेगळं व्हील, वेगळी टाकी, वेगळा फिल्टर, आणि शेवटी नायट्रिक किंवा सायट्रिक ॲसिडमध्ये पॅसिव्हेशन, म्हणजे गंज रोखणारा थर पक्का करणं. फाउंड्रीची वाळू उडते त्या शेडमध्ये हे काम ठेवू नका. भाव देण्याआधी ग्राहकाकडून चार गोष्टी लेखी घ्या: व्यास कुठे कुठे मोजायचा, सरळपणा कसा मोजायचा, पृष्ठभागाचा आरए (खडबडीतपणाचं माप) किती हवा, आणि पीटीएफईचा लेप कोण देणार. लेप ते देणार असतील तर त्याची जाडी विचारून तेवढी वजा करूनच घासा.