न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स आणि नॅसॉ काउंटीच्या लोकांचं एकमेकांशी का पटत नाही? राहायला कुठे जावं?

तुमचा मावसभाऊ म्हणतो क्वीन्समध्ये घर बघू नकोस, आणि ऑफिसातला सहकारी म्हणतो नॅसॉत गेलास तर संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर माणूस दिसणार नाही. दोघं एकमेकांच्या भागाबद्दल असं का बोलतात, असं तुम्ही विचारलंय. क्वीन्स हा न्यूयॉर्क शहराचाच भाग, आणि नॅसॉ ही त्याला पूर्वेकडून लागून असलेली, पण शहराबाहेरची काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. मी अकरा वर्षं क्वीन्सच्या ग्लेन ओक्समध्ये काढली आणि आता नऊ वर्षं हद्दीच्या पलीकडे, नॅसॉत राहते. जुनं घर ते नवं घर गाडीनं सहा मिनिटं. नणंद अजून क्वीन्समध्येच आहे, बेलरोजला. त्यामुळे हे भांडण आमच्याकडे दर रविवारी जेवायला बसतं.

आधी उच्चाराचं. २०२४ मध्ये टी-ट्वेंटी वर्ल्ड कपचे काही सामने इथे झाले, त्या वेळी मराठी बातम्यांत ‘नासाऊ’ छापून आलं होतं. इथे सगळे नॅसॉ म्हणतात. पुण्याहून आलेल्या माझ्या भावानं टॅक्सीवाल्याला नासाऊ सांगितलं, तर तो बिचारा बहामाज देशाच्या त्याच नावाच्या राजधानीचा विचार करत बसला.

मुळात हे दोन वेगळे प्रदेश नव्हतेच. १६८३ मध्ये इंग्रजांनी न्यूयॉर्क प्रांताच्या बारा काउंट्या पाडल्या. त्यातल्या क्वीन्स काउंटीत आजचं क्वीन्स आणि आजचं जवळजवळ सगळं नॅसॉ एकत्र होतं. १ जानेवारी १८९८ ला मॅनहॅटन, ब्रुकलिन वगैरे एकत्र करून मोठं न्यूयॉर्क शहर झालं, तेव्हा क्वीन्सचा पश्चिम भाग शहरात गेला. पूर्वेकडची हेम्पस्टेड, नॉर्थ हेम्पस्टेड आणि ऑयस्टर बे ही तीन टाउन बाहेर राहिली. म्हणजे वर्षभर एकच काउंटी, अर्धी शहरात आणि अर्धी बाहेर! हे चालणारं नव्हतंच. १ जानेवारी १८९९ ला पूर्वेकडच्यांनी वेगळी चूल मांडली आणि नाव घेतलं नॅसॉ. क्वीन्स आणि नॅसॉ ज्या बेटावर आहेत त्या लाँग आयलंडचंच हे एक जुनं नाव, ऑरेंज-नॅसॉ घराण्यातल्या विल्यम राजावरून पडलेलं. वाटणीत रॉकअवेची समुद्रपट्टी, जी तोवर हेम्पस्टेडची होती, ती शहराकडे गेली. भाऊबंदकीत एखादं आंब्याचं झाड धाकट्याच्या वाट्याला जातं आणि थोरला जन्मभर त्याच्याकडे बघत राहतो, तसं.

पण एवढ्या जुन्या वाटणीवरून आज कोण कोणाला टोमणे मारेल? खरी मेख नंतरची आहे. १९४० मध्ये नॅसॉची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास होती, १९६० मध्ये ती तेरा लाख झाली. हे लोक आले कुठून? बहुतेक ब्रुकलिन आणि क्वीन्समधून. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर घरकर्ज मिळत होतं, आणि हेम्पस्टेडजवळच्या बटाट्याच्या शेतांवर १९४७ पासून लेव्हिटाउन उभं राहत होतं. एकाच साच्यातली सतरा हजारांहून जास्त घरं. म्हणजे नॅसॉतल्या बऱ्याच घरांत ‘आम्ही शहर सोडून आलो’ ही गोष्ट आहेच, आणि जो सोडून येतो त्याला सोडलेल्या जागेला नावं ठेवावीच लागतात. नाहीतर एवढं कर्ज कशाला काढलं, हा प्रश्न उरतो. हे मी स्वतःवरून सांगते. इकडे आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मी नणंदेला ‘तुमच्याकडे पार्किंगची काय बोंब आहे गं’ असं इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी ती म्हणाली, “वहिनी, मागच्या दिवाळीपर्यंत तू इथेच गाडी लावत होतीस.”

यात रंगाचाही भाग आहे, तो सांगितल्याशिवाय उत्तर खोटं ठरेल. लेव्हिटाउनच्या सुरुवातीच्या करारात गोऱ्यांशिवाय दुसऱ्या कोणी तिथे राहायचं नाही, असं कलमच होतं. पुढे कायदे बदलले, पण सवयी रेंगाळल्या. न्यूजडे या लाँग आयलंडच्याच वर्तमानपत्रानं छुपे कॅमेरे देऊन माणसं इस्टेट एजंटांकडे पाठवली आणि २०१९ मध्ये निकाल छापला: कृष्णवर्णीय ग्राहकांपैकी ४९ टक्क्यांना, हिस्पॅनिकांपैकी ३९ आणि आशियाईंपैकी १९ टक्क्यांना वेगळी वागणूक. आपण त्या आशियाईंत येतो. तुम्ही घर बघायला जाल तेव्हा एजंट तुम्हाला कोणत्या गल्ल्या दाखवतो आणि कोणत्या गाळतो, याकडे लक्ष ठेवा. ‘तुमचे लोक तिकडे खूप आहेत’ हे वाक्य प्रेमानं म्हटलेलं असलं तरी.

आता हद्द. तिच्यावर ना नदी, ना भिंत, ना नाका. मुलुंडहून ठाण्यात जाताना निदान टोलनाका लागायचा. इथे हिलसाइड अ‍ॅव्हेन्यूवरून सरळ चालत राहिलात तर मिठाईचं दुकान, साडीचं दुकान, दवाखाना, पुन्हा मिठाई असं करत कधी नॅसॉत शिरलात ते कळतही नाही. कळतं ते घरांच्या नंबरांवरून. क्वीन्सच्या नंबरात मध्ये आडवी रेघ असते, २५०-१७ अशी: आधी जवळच्या छेदरस्त्याचा आकडा, मग घराचा. नॅसॉत साधा नंबर.

आणि कळतं सिग्नलला. न्यूयॉर्क शहरात लाल दिव्यावर उजवीकडे वळायचं नाही, परवानगीची पाटी असेल तरच वळायचं. नॅसॉत नेमकं उलटं: मनाई लिहिलेली नसेल तर थांबून, बघून वळा. त्यामुळे हद्दीजवळच्या चौकांत रोज नाटक. पुढची गाडी क्वीन्सची असली तर ती लाल दिव्याला मुनीसारखी उभी राहते आणि मागचा नॅसॉवाला हॉर्न बडवतो. उलट मी नऊ वर्षांत बिघडले. गेल्या वर्षी नणंदेकडे जाताना सवयीनं वळले आणि दंड भरून आले. चूक माझीच होती. पण नणंदेनं ती पावती फोटो काढून सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली!

तिच्यावर दंडाची वेळ आली ती गणेश चतुर्थीला. मखर सजवायला म्हणून रात्री राहिली, गाडी रस्त्यावर. नॅसॉतल्या बऱ्याच गावांत रात्री दोन-तीननंतर पहाटेपर्यंत रस्त्यावर गाडी ठेवायला बंदी आहे. सकाळी काचेवर पाकीट. “ही कसली गावं तुमची, पाहुण्याला दंड लावतात,” असं म्हणत ती मोदक वळायला बसली. गावाचं नाव लिहीत नाही, मला इथेच राहायचंय.

बसचा किस्सा तर मला आजही पटत नाही. ग्लेन ओक्सला असताना मी हिलसाइडवरून १७९ स्ट्रीटच्या सबवे स्टेशनला जायचे. शहराची क्यू४३ बस नेहमी गच्च भरलेली. त्याच रस्त्यानं नॅसॉची एन२२ निम्मी रिकामी जायची, पण ती आम्हाला घ्यायची नाही. नियमच तसा: नॅसॉच्या बसनं क्वीन्सच्या हद्दीतल्या हद्दीत प्रवासी ने-आण करायची नाही. पावसात छत्री धरून उभं असताना रिकाम्या सीटा समोरून निघून जाताना बघणं, हे वैर मनात कसं रुजतं याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. सबवेनं तर शहराची हद्द कधी ओलांडलीच नाही. एफ गाडी १७९ ला संपते, तिथून पूर्वेला बस, नाहीतर लाँग आयलंड रेल्वेची महाग तिकिटं.

पैशाचा हिशोब थोडक्यात. शहरात राहणाऱ्याला राज्य आणि केंद्राच्या वर शहराचा वेगळा आयकर लागतो, साधारण तीन ते चार टक्के. नॅसॉत तो नाही. पण नॅसॉत घरपट्टी कंबर मोडते. वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर सहज जाते. तेवढ्याच आकाराच्या घराला नणंद माझ्या निम्मीही भरत नाही. दोघींनी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बेरजा केल्या आणि फरक इतका किरकोळ निघाला की आम्ही तो कागद फाडून टाकला.

घरपट्टीतला मोठा वाटा शाळेला जातो, आणि वैर सर्वांत धारदार होतं ते इथेच. शहराच्या सगळ्या सरकारी शाळा एकाच खात्याखाली आहेत. नॅसॉत ५६ शाळा-जिल्हे आहेत, प्रत्येकाचं बजेट वेगळं आणि त्यावर लोक दर मे महिन्यात मतदान करतात. मग ‘आमच्या पैशाच्या शाळेत पलीकडची पोरं येतात’ हा संशय पिकतो. हद्दीवरचे शाळा-जिल्हे पत्त्याची कसून तपासणी करतात, काही ठिकाणी तर मूल सकाळी कोणत्या घरातून निघतं हे बघायला माणूस गाडीत बसवतात. माझ्या एका मैत्रिणीनं मुलाला बहिणीच्या नॅसॉतल्या पत्त्यावर घातलं होतं. तिसऱ्या महिन्यात पत्र आलं, मूल काढून टाकलं. तिनं खोटं सांगितलं होतं, मान्य. पण तिच्या घरापासून ती शाळा चार गल्ल्यांवर होती आणि क्वीन्सची नेमून दिलेली शाळा दोन बसवर.

क्वीन्सवाले याचं उट्टं काढतात ते स्टायव्हेसंट आणि ब्राँक्स सायन्सचं नाव घेऊन. या परीक्षा देऊन मिळणाऱ्या शाळा फक्त शहरात राहणाऱ्या मुलांना. माझा भाचा स्टायव्हेसंटला गेला. जाऊन-येऊन रोज तीन तास, पण नणंदेच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते अजून उतरलेलं नाही. माझी मुलगी इथल्या गावच्या शाळेत चालत जाते, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. कोणाचं बरं झालं, ते दोन्ही मुलांना विचारा. त्यांना हा वाद ऐकायचाच नाहीये.

राजकारणात हे वैर उघड बोललं जातं. २०२३ मध्ये राज्याच्या गव्हर्नर कॅथी होकल यांनी योजना मांडली: शहराभोवतीच्या गावांनी तीन वर्षांत ३ टक्के घरं वाढवावीत आणि रेल्वे स्टेशनांजवळ इमारती होऊ द्याव्यात. नॅसॉत रान पेटलं. ‘आम्हाला शहराचा सहावा बरो करू नका’ हेच पालुपद (बरो म्हणजे शहराचा विभाग; असे पाच आहेत, क्वीन्स त्यातलाच एक). योजना त्याच वर्षी बारगळली. आमच्या गावच्या सभेत एक आजोबा तावातावानं उठले, “इथे क्वीन्स होऊ देणार नाही!” शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “तुझा जन्म ओझोन पार्कचा आहे.” ओझोन पार्क क्वीन्समध्ये येतं. सभा दोन मिनिटं थांबली होती.

आणि क्रिकेट. क्वीन्स हे अमेरिकेतल्या क्रिकेटचं माहेरघर म्हणावं असं. गयाना, त्रिनिदादची मंडळी शनिवार-रविवार बागांमधून खेळतात, शहराच्या सरकारी शाळांत २००८ पासून क्रिकेटचे आंतरशालेय सामने आहेत. वर्ल्ड कपचं मैदान मात्र २०२४ मध्ये उभं राहिलं नॅसॉच्या आयझेनहॉवर पार्कात, ३४ हजार खुर्च्यांचं, तात्पुरतं. ‘खेळायचं आम्ही, मिरवायचं तुम्ही,’ हे नणंदेच्या नवऱ्याचं वाक्य महिनाभर ऐकलं. भारत-पाकिस्तानची तिकिटं आमच्या आवाक्यातली नव्हती, पण १२ जूनच्या भारत-अमेरिका सामन्याला दोन्ही घरं रजा टाकून गेलो. अमेरिकेकडून गोलंदाजी करणारा सौरभ नेत्रावळकर मुंबईचा. त्यानं कोहलीला पहिल्याच चेंडूवर घालवलं आणि मग रोहितला तीनवर. आमच्या रांगेत काय करावं कोणालाच कळेना. टाळ्या वाजवाव्यात तर भारत, गप्प बसावं तर आपला मुंबईकर. त्या दिवशी क्वीन्स-नॅसॉ कोणाला आठवलं नाही. सामने संपले तसं ते मैदानही उतरवून नेलं.

आता तुमचं. मॅनहॅटनला रोज जायचं असेल, मुलं लहान असतील किंवा अजून नसतील, तर पहिली दोन-तीन वर्षं क्वीन्समध्ये भाड्यानं राहा. गाडीशिवाय निभतं, फ्लशिंगचं गणपतीचं देऊळ जवळ पडतं, आणि हवापाणी कळेपर्यंत घाई होत नाही. शाळेचा प्रश्न आला की मग नॅसॉचा विचार करा. न्यू हाइड पार्क, हिक्सविल इकडे आपली माणसं भरपूर आहेत.

फक्त एक सांभाळा. टपाल खात्याच्या दृष्टीनं ‘फ्लोरल पार्क’ हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहे, ‘न्यू हाइड पार्क’ सुद्धा. जाहिरातीत नुसतं तेवढंच लिहिलेलं असतं, आणि एजंट ते मुद्दाम उलगडून सांगत नाही. फोनवर आधी घराचा नंबर विचारा. मध्ये आडवी रेघ असली तर क्वीन्स.

आणि पहिल्या रात्री गाडी आत लावा.