मिशीत काळे-पांढरे पट्टे

प्रश्न : आमच्या मालकांचं वय ५२. मूत्रपिंडाच्या कॅन्सरसाठी सुनिटिनिबची कॅप्सूल चालू आहे. चार आठवडे घ्यायची, दोन आठवडे बंद. मिशी झुपकेदार. भाताच्या लावणीत तिला कात्री लागली नव्हती. परवा सलूनवाल्यानं एक केस चिमटीत धरून दाखवला. टोक काळं, मग पांढरा, परत काळा, परत पांढरा! जाऊबाई म्हणतात, कॅन्सर केसात चढला. औषध बंद करू काय?
– एक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : ताई, औषध अजिबात बंद करू नका. कॅन्सर केसात चढत नसतो. सलूनवाल्याची नजर मात्र मानली!

केसाच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात. त्यांचं काम ‘किट’ नावाच्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर चालतं. सुनिटिनिब गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखतं, आणि त्याच फटक्यात किटलाही रोखतं. म्हणून औषधाच्या चार आठवड्यांत उगवलेला केस पांढरा, सुट्टीच्या दोन आठवड्यांतला काळा. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. फुटपट्टी लावून बघा, पांढरा पट्टा काळ्याच्या दुप्पट भरेल. पट्टे असे नेमके पडलेत म्हणजे मालक कॅप्सूल चुकवत नाहीत, हे मला आवडलं.

पांढरा झालेला तेवढा भाग पांढराच राहणार. पुढे औषध थांबलं की मुळातून पुन्हा काळा केस येतो. पण केस पांढरे झाले म्हणून औषध लागू पडतंय किंवा पडत नाही, असा अर्थ काढू नका. ते स्कॅनमध्येच कळतं.

कलप लावायचा तर आधी थोडा कानामागे लावून दोन दिवस थांबा. या औषधानं कातडी नाजूक होते. मला विचाराल तर मिशी राहू दे तशीच.

जाऊबाईंचं लक्ष कातडीकडेही जाईल. या कॅप्सूलमधली पूडच नारिंगी-पिवळी असते, त्यानं अंग पिवळसर दिसतं. ती कावीळ नव्हे. मात्र उजेडात नेऊन डोळे बघा. डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा दिसला, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर यकृताला त्रास होत असेल. मग पुढच्या तारखेची वाट बघू नका, औषध देणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.