रिपोर्ट चांगला आहे म्हणतात, मग माणूस असा का वागतो?

(वाचकांचे प्रश्न. या वेळी एकाच विषयावरची तीन पत्रं घेतलीत, डोक्याला मार लागून हॉस्पिटलमधून घरी आलेल्या माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची. उत्तरं देणाऱ्या ताई ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या.)

प्रश्न : ताई नमस्कार. मार्चच्या शेवटी ह्यांचा हायवेवर अपघात झाला, गाडीवरून येत होते, मागून टेम्पोने उडवलं, हेल्मेट नव्हतं. मेंदूत रक्तस्राव, ऑपरेशन, १९ दिवस आयसीयू, सगळं धरून सव्वा महिना हॉस्पिटल. घरी येऊन आता साडेतीन महिने होतील. चालतात, बोलतात, स्वतःच्या हाताने जेवतात. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणतो देवाची कृपा, ठणठणीत दिसतात हो. पण घरात काय चाललंय ते कुणाला सांगू. कधी आवाज न चढवणारा माणूस, आता भाजीत मीठ कमी पडलं तर ताट भिरकावतात आणि दहा मिनिटांनी मलाच विचारतात तू रडतेस का. आंघोळीला उठा म्हटलं की हो म्हणतात आणि तिथेच बसून राहतात. सासूबाई म्हणतात तूच लाडावून ठेवलंस, नणंद म्हणते कामावर जायला नको म्हणून मुद्दाम करतोय. मुलगी ९ वर्षांची आहे, ती बाबांच्या खोलीत जायचं टाळते. रात्री उठून दार उघडून जातील म्हणून मी झोपतच नाही. माझं काही चुकतंय का? (सांगली जिल्ह्यातून एक वाचक)

उत्तर : नाही हो, तुमचं काहीही चुकत नाहीये, आणि ह्यांचंही नाही. हे सासूबाईंना आणि नणंदबाईंना वाचून दाखवा, माझं नाव सांगून दाखवा.

कपाळाच्या मागे मेंदूचा जो पुढचा भाग असतो तिथे आपला ब्रेक असतो आणि स्टार्टरही तिथेच. मनात राग आला तरी ताट न फेकणं हा ब्रेक. आंघोळीला जायचंय हे कळल्यावर खरंच उठून टॉवेल घेणं हा स्टार्टर. गाडीवरून पडल्यावर बऱ्याचदा नेमका हाच भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर घासला जातो, त्यामुळे ब्रेक आणि स्टार्टर दोन्ही बिघडतात आणि बाकी माणूस मात्र धडधाकट दिसतो. तुमचे हे "हो" म्हणतात ते खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच उठायचं असतं, सुरुवातच होत नाही.

एका घरी मी पेशंटला चहा करून द्या म्हटलं होतं. त्यांनी पातेलं ठेवलं, पाणी, साखर, पावडर, आलंसुद्धा ठेचून टाकलं, सगळं मोजून, आणि मग ओट्याला टेकून उभे राहिले. आम्ही पाच मिनिटं वाट बघितली. गॅस पेटवलेलाच नव्हता आणि ते मन लावून उकळी यायची वाट बघत होते. त्यांची बायको दाराआड उभी राहून ओढणी तोंडाला लावून रडत होती, कारण त्या दिवसापर्यंत तिलाही वाटत होतं की हे आळशीपणा करतात. आम्ही ओट्यावरच्या टाइलवर पाच ओळींचा कागद चिकटवला, दुसऱ्या ओळीत "गॅस पेटव" आणि पाचव्या ओळीत "गॅस बंद कर". बायको बाजूला उभी राहायची पण बोलायची नाही, फक्त कागदाकडे बोट दाखवायची. तीन आठवड्यांनी ते एकटे चहा करायला लागले.

तुम्हीही तसंच करा. दिवसाचं एकच वेळापत्रक, रोज तेच, मोठ्या अक्षरात भिंतीवर. "आंघोळ करा" असं मोघम नको, "उठा", मग "टॉवेल घ्या", एका वेळी एकच गोष्ट, आणि सांगून झालं की मनातल्या मनात दहा अंक मोजा, कारण उत्तर यायला त्यांना वेळ लागतो आणि आपण तेवढ्यात दुसरं काहीतरी बोललो की पहिलं पुसलं जातं.

रागाचं म्हणाल तर एक वही घाला. राग कधी आला, त्याआधी काय चाललं होतं, झोप किती झाली होती. बहुतेक घरांत आठ-दहा दिवसांत चित्र दिसायला लागतं, संध्याकाळ झालेली असते, पाहुणे येऊन गेलेले असतात, टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या, दोन माणसं एकदम बोलतायत. मार लागलेल्या मेंदूला हा गोंगाट गाळून बाजूला टाकता येत नाही, तो थकतो आणि थकला की ब्रेक पूर्ण सुटतो. म्हणून दुपारची विश्रांती सक्तीची, पाहुणे एका वेळी दोनच आणि अर्धा तासच. ताट फेकलं तर त्या क्षणी समजावू नका, वाद घालू नका, मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत जा, शांत झाल्यावर पुन्हा साधं बोला. दहा मिनिटांनी ते विचारतात का रडतेस, तेव्हा त्यांना खरंच आठवत नसतं, ही गोष्ट मनाला लावून घेऊ नका. आणि मारहाणीपर्यंत गेलं तर सहन करत बसायचं नाही, तुमची आणि मुलीची सुरक्षितता आधी, लगेच डॉक्टरांना कळवायचं, यावर औषधं असतात. सायकिअॅट्रिस्टकडे जा म्हटलं की घरचे बिचकतात, पण मेंदूच्या दुखापतीनंतरची चिडचिड आणि उदासी हे त्यांचंच काम आहे. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून मात्र परस्पर देऊ नका.

मुलीला खरं सांगा. "बाबांच्या मेंदूला लागलंय, पायाला प्लास्टर असतं तसं ते दिसत नाही, तुझ्यावर रागावलेले नाहीत." मुलं आपल्याच कुठल्यातरी चुकीने असं झालं असं धरून बसतात.

सिटी स्कॅन बरा आलाय असं डॉक्टर म्हणाले असतील तर तेही खरंच आहे. सिटीत रक्त, सूज, हाड दिसतं, पण झटका बसून आतले बारीक तंतू ताणले-तुटलेले बऱ्याचदा त्यात दिसत नाहीत. म्हणून फॉलोअपला जाताना ती वही न्या, पाच मिनिटांत तोंडी सांगणं जमत नाही. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे स्मरणशक्ती, लक्ष, विचार हे तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून, टेस्ट करून मिळतील का तेही विचारा. एक मात्र लक्षात ठेवा, सुधारत असलेला माणूस मागे जायला लागला, म्हणजे झोपाळू झाला, चाल बिघडली, कपड्यात लघवी व्हायला लागली, डोकेदुखी आणि उलट्या, तर त्याला स्वभाव समजू नका, आत पाणी किंवा रक्त साठत असू शकतं, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आता तुमची झोप. दाराला वरच्या बाजूला कडी लावा आणि दारावर घुंगरांची माळ बांधा, उघडलं की वाजेल. पण घुंगरू पुरणार नाहीत, आठवड्यातल्या दोन रात्री दुसऱ्या कुणीतरी तिथे झोपलं पाहिजे, दीर, भाऊ, नणंदबाई, कुणीही. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्यांना आपण नाही हो, काही नको म्हणतो, ते बंद करा. सरळ सांगा, मंगळवारी चार ते सहा तुम्ही बसा, मला पडायचंय. नणंदबाईंनी असे दोन मंगळवार एकटीने काढले की "मुद्दाम करतोय" हे त्या पुन्हा म्हणणार नाहीत, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. अगदीच असह्य झालं तर टेलि-मानस ही मानसिक आधाराची हेल्पलाइन, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि एक घाईचं काम. टेम्पोने धडक दिली म्हणता, मग मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्याचं बघितलंत का? १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात दावा करायला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे. मार्चअखेरचा अपघात म्हणजे सप्टेंबरअखेर. या आठवड्यात वकील गाठा, एफआयआर, डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं घेऊन. हेल्मेट नव्हतं म्हणून दावाच होत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, फार तर रक्कम कमी होऊ शकते.

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा. अपघातानंतर ऑपरेशनमध्ये डोक्याचं हाड काढून पोटाच्या कातडीखाली ठेवलंय, नंतर परत बसवणार. उजवी बाजू कमजोर आहे. परवा फिट आली, शेजारी जमले, कांदा हुंगवला, दातखीळ उघडायला चमचा घालत होते. गोळ्यांनी फार झोपतो म्हणून बंद कराव्यात का? पाणी पिताना ठसका लागतो, जेवण मात्र बरं जातं. (नाशिकहून एक वडील)

उत्तर : दादा, फिटच्या गोळ्या एक दिवसही स्वतःहून बंद करू नका, अचानक थांबवल्या तर फिट येतात आणि थांबता थांबत नाहीत. झोप जास्त येते हे डॉक्टरांना सांगा, गोळी किंवा डोस बदलता येतो. आणि परवाची फिट अजून कळवली नसेल तर आजच कळवा. पुन्हा आली तर कुशीवर वळवा, हाड नसलेली बाजू वर राहील असं, डोक्याखाली मऊ काहीतरी, तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा नाही, पाणी नाही, बोट नाही. कांदा-चप्पल हुंगवून फिट थांबत नाही, ती आपली आपणच थांबते. घड्याळ बघा, ५ मिनिटांच्या वर गेली किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८ ला फोन.

हाड नाही त्या बाजूवर झोपवायचं नाही, उभं करताना, चालवताना हेल्मेट हवंच. तिथली जागा नेहमीपेक्षा फुगून ताठ झाली, ताप आला, मुलगा सुस्त पडला तर थांबू नका. उचलताना उजव्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो, मग महिनोन्महिने दुखतो आणि व्यायामही करून घेता येत नाही. हे तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगा, कारण प्रेमाने हात देणारेच ओढतात.

पाणी सगळ्यात सोपं असं वाटतं पण गिळायला तेच सगळ्यात अवघड, कारण ते पटकन घसरतं आणि श्वासनलिकेत जातं. स्पीच थेरपिस्टला गिळण्याची तपासणी करायला सांगा, होय, ते काम त्यांचं. तोपर्यंत ताठ बसवून, हनुवटी जरा खाली, छोटे घोट, टीव्ही बंद, आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. मुंबईला येणं जमलं तर हाजीअलीची सरकारी पुनर्वसन संस्था, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, जरूर दाखवा.

प्रश्न : अपघात मलाच झाला होता, १४ महिने झाले. किराणा दुकान आहे, भाऊ सांभाळतो. मी बसलो की हिशोब चुकतो, गिऱ्हाइकांची नावं आठवत नाहीत, दुपारनंतर डोकं बंद पडतं. मी पूर्वीसारखा होईन का? (लातूरहून)

उत्तर : तुम्ही स्वतः लिहिलंत याचा मला फार आनंद झाला. चूक होतेय हे ज्याला दिसतं त्याच्याबरोबर काम करता येतं, अनेकांना ते दिसतच नाही.

अगदी पूर्वीसारखे व्हाल असं वचन मी देणार नाही. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते, मग ती मंदावते पण थांबत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीसुद्धा माणसं नव्या गोष्टी करायला लागलेली मी बघितलीयत. दारू पूर्ण बंद, फिटचा धोका वाढतो, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडीला हात नाही.

दुकानात पहिले पंधरा दिवस फक्त सकाळी ९ ते ११ बसा, डोकं ताजं असतं तेव्हा. गल्ला भावाकडे, तुम्ही फक्त वजन आणि पुडी. ते नीट जमलं की हिशोब तुम्ही सांगा आणि भाऊ लिहील, मग उलटं, भाऊ सांगेल आणि तुम्ही लिहा. ५ रुपयांचीही बेरीज कॅल्क्युलेटरवर, त्यात लाज कसली. नावांसाठी खिशात छोटी वही, "चौकातले सर, तूरडाळ २ किलो, चष्मा, मुलगी पुण्याला" एवढं लिहिलं की पुढच्या वेळी वही बघून विचारता येतं मुलगी कशी आहे. डोकं बंद पडलं की उठायचं, आत जाऊन २० मिनिटं डोळे मिटून पडायचं, जबरदस्तीने बसून राहायचं नाही.

पंधरा दिवसांनी त्या वहीच्या पहिल्या पानाचा फोटो काढून मला पाठवा, मी वाट बघते.