वाचक विचारतात : नळाची मोटर, घरातलं राजकारण आणि रात्रीच्या बातम्या

प्रश्न : आमच्या गल्लीत चार दिवसांआड पाणी येतं. नळ सुटला की शेजारच्या मावशी थेट लायनीला मोटर लावतात आणि आमची धार करंगळीएवढी होते. घरोबा जुना आहे, तो मोडायचा नाही. कसं सांगावं?
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : पाणी आलेल्या दिवशी काहीही बोलू नका. त्या दोन तासांत सगळ्यांचीच घाई असते आणि तेव्हा निघालेला शब्द भांडणाचाच ठरतो. मधल्या एखाद्या दिवशी, दुपारची कामं उरकल्यावर, एकटीनं जा. गल्लीतल्या चौघींना घेऊन गेलात तर मावशींना ती पंचायत वाटेल आणि त्या आधीच हट्टाला पेटतील.

सुरुवात ‘मोटर काढा’ अशी नको. मोटर का लागते ते विचारा. बहुतेक घरांत कारण एकच असतं. तोटी जमिनीपासून दोन-अडीच फूट वर असते किंवा नळाचा पाइप थेट गच्चीवरच्या टाकीला जोडलेला असतो. लायनीला दाब नसला की पाणी तेवढं चढत नाही. यावर उपाय आहे. नळ जमिनीच्या पातळीला घ्यायचा, पाणी आपोआप जमिनीतल्या हौदात पडू द्यायचं आणि मोटर हौदावर बसवायची. हौदातून टाकीत कितीही ओढलं तरी शेजाऱ्याची धार तुटत नाही. चार दिवसांआड म्हणजे पाच दिवसांची सोय हवी. माणशी रोज ८० लिटर धरले तर पाच माणसांना २००० लिटरचा हौद पुरतो. नळ खड्ड्यात घेतला तर खड्डा कोरडा आणि स्वच्छ ठेवा. त्यात सांडपाणी साचलं आणि नळ बुडाला, तर पुरवठा थांबताना तेच पाणी उलटं लायनीत शिरतं.

मावशींना त्यांच्या फायद्याची एक गोष्टही जरूर सांगा. मोटर थेट लावली की पाइपातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. मग जिथे जॉइंट गळका असेल तिथून आजूबाजूचं पाणी आत ओढलं जातं, आणि आपल्याकडे नळाच्या लायनीशेजारून गटार जाणं नवीन नाही. ते घाण पाणी पहिल्यांदा मोटर लावणाऱ्याच्याच घरात येतं. पाण्याला वास येत असेल, घरात पोटं बिघडत असतील, तर त्यांना हे लगेच पटेल.

एवढं करूनही फरक पडला नाही तर झोन कार्यालयात अर्ज द्या, पण मावशींचं नाव न घालता, गल्लीतल्या कमी दाबाबद्दल. पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं आणि १५ लिटरची बादली भरायला किती मिनिटं लागली, हे सलग तीन पाळ्यांचं लिहून द्या. ‘पाणी नीट येत नाही’ एवढ्याच अर्जावर काही हालत नाही. आणि अर्ज देण्याआधी मावशींच्या कानावर घाला. लपून केलेली तक्रार कळतेच, मग बोलणं कायमचं तुटतं.

जाता जाता : साठवलेलं पाणी झाकून ठेवा आणि नव्या पाण्याआधी पिंप रिकामं करून आतून खरखरीत ब्रशनं घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पिंपाच्या भिंतीला चिकटून राहतात, नुसतं विसळून निघत नाहीत.

प्रश्न : निवडणुकीपासून माझे मिस्टर आणि माझा भाऊ बोलत नाहीत. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका फॉरवर्डवरून वाजलं. आता गड्ड्याच्या जत्रेला सगळे आमच्याकडेच उतरतील. काय करू?
— एक भगिनी, होटगी रोड

उत्तर : ग्रुपवर मिटवायला जाऊ नका. तिथे भाचे, जावई, सुना सगळे बघत असतात. एवढ्या लोकांसमोर कुणीही माघार घेत नाही. आधी भावाशी फोनवर बोला आणि त्या फॉरवर्डमध्ये कोण बरोबर होतं हा विषयच काढू नका. भावानं दाजींना एक फोन करावा आणि तो फक्त जत्रेच्या निमित्तानं : किती माणसं येणार, अक्षता सोहळ्याला किती वाजता निघायचं. रुसलेल्या दोघांना बोलायला काम लागतं. ‘झालं गेलं विसरू’ असं म्हणायला सांगितलं की झालं गेलंच पुन्हा निघतं.

ग्रुपसाठी दोन ॲडमिन नेमा, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा. पाळायची गोष्ट एकच : आपल्या बाजूचा फॉरवर्ड आपल्याच ॲडमिननं काढायचा. भावाच्या पक्षाचा मेसेज तुमच्या मिस्टरांनी काढला तर तो अपमान होतो. भावाच्याच मित्रपक्षातल्या काकांनी काढला तर ती शिस्त होते. ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो अनेक हात फिरून आलेला आहे, म्हणजे पाठवणाऱ्यालाही तो कुणी लिहिला हे ठाऊक नसतं. तो घरच्या ग्रुपवर येऊच नये. मतदानाच्या आधीचा आठवडा ते निकालानंतरचे दोन दिवस ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवतील’ ही सेटिंग लावा. ज्यांना चर्चा हवीच आहे त्यांचा वेगळा ग्रुप करा. खुशाल भांडू देत, पण बारशा-बारावीच्या बातम्या त्यात अडकायला नकोत.

जेवणाच्या पंगतीत विषय निघालाच तर ‘राजकारण नको’ असं ओरडू नका. दिल्लीवरून सोलापूरवर आणा : उजनीचं पाणी, रस्ते, यंत्रमागवाल्यांची मजुरी. मतभेद तिथेही होतात, पण दोघांनी बघितलेल्या गोष्टीवर होतात, म्हणून चढत नाहीत.

प्रश्न : मतदान करून आले की सासरे विचारतात, कुणाला दिलंस? खोटं बोलणं पटत नाही.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : खोटं बोलायची गरज नाही. कुणाला मत दिलं हे सांगायची सक्ती कोर्टालाही करता येत नाही. लोकसभा-विधानसभेला व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि बंद पेटीत पडते, ती कुणाच्या हाती लागत नाही. ‘मामंजी, मी कुणालाच सांगत नाही, माहेरीही नाही,’ एवढंच म्हणा. ‘माहेरीही नाही’ हे महत्त्वाचं, त्यानं त्यांना परकेपणा वाटत नाही. आणि ज्या वर्षी त्यांच्याच पक्षाला मत द्याल त्या वर्षीही हेच उत्तर द्या. एकदा सांगितलंत की पुढच्या वेळची चुप्पी म्हणजे ‘नाही’ असं धरलं जाईल.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. रात्री अकरापर्यंत टीव्हीवरच्या चर्चा बघतात, चिडतात, झोपत नाहीत. बीपी वाढलेलं दिसतं. टीव्ही बंद केला की आमच्यावर चिडतात.
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : टीव्ही बंद करू नका, वेळ पुढे-मागे करा. बातम्या संध्याकाळी सातला, जेवणाआधी. चर्चेचे कार्यक्रम ओरडण्यावर चालतात, त्यात बातमी थोडीच असते. तीच बातमी सकाळच्या पेपरात दहा मिनिटांत, शांतपणे वाचून होते. वडिलांना पेपर वाचून दाखवायचं काम नातवाला द्या, त्यांना बोलायला माणूस मिळेल. अनेकदा टीव्हीपुढे बसणं हे बोलायला कुणी नसल्यामुळेच असतं.

बीपी चर्चा संपल्याबरोबर मोजत असाल तर आकडा चढलेलाच येणार. चहा, तंबाखू किंवा चालणं झाल्यावर अर्धा तास थांबा. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसवा. पट्टा उघड्या दंडावर आणि दंड छातीच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, आठवडाभर, आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. घरचे आकडे सतत १३५/८५ किंवा त्याहून वर असतील तर ते दाखवायलाच हवेत. १८०/१२० च्या पुढे आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं यातलं काही असेल तर वही बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा. चालू गोळी मात्र आकडा चांगला आला म्हणून स्वतःहून थांबवायची नाही.

आणि ताटाकडे बघा. दिवसभराचं मीठ सगळं मिळून एक सपाट चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, पुरे. शेंगाची चटणी, पापड, लोणचं यातून ते नकळत दुप्पट होतं. चटणी बंद केली तर कडक भाकरी त्यांच्या घशाखाली उतरायची नाही. त्यांच्यापुरती वेगळी कुटा : मीठ निम्मं, लसूण थोडा जास्त.