पुणेकरांनी वर्गणी काढून कोकण किनाऱ्यासाठी बचाव हेलिकॉप्टर का घेऊ नये?

विचारणाऱ्यांनी प्रश्नाखाली लिहिलंय, की ते पुण्याचे, दर दोन महिन्यांनी कुटुंबासह कोकणात जातात, ऑस्ट्रेलियात लोकांच्या देणग्यांवर चालणारं समुद्री बचाव हेलिकॉप्टर आहे असं त्यांनी वाचलं, आणि गणपतीला एवढी वर्गणी काढणाऱ्या पुण्याला हे का जमू नये?

जमेल की. माझे पाच हजार आत्ताच लिहून घ्या. पण हे हेलिकॉप्टर आपल्या पोराला काशीदच्या पाण्यातून उचलून आणेल अशा समजुतीत पावतीपुस्तक छापणार असाल, तर जरा थांबा.

माझी ओळख एवढीच, की मी एकोणीस वर्षं मुंबई हाय या भर समुद्रातल्या तेलक्षेत्रावर इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस कोथरूडला. जुहूवरून हेलिकॉप्टरने जायचं आणि हेलिकॉप्टरनेच यायचं. ही नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला एक प्रशिक्षण घ्यावं लागतं: हेलिकॉप्टरच्या आकाराच्या पिंजऱ्यात पट्टे लावून बसवतात, पिंजरा तलावात सोडतात आणि पाण्याखाली उलटा करतात. नाकातोंडात पाणी, खाली-वर काही कळत नाही, आणि खिडकी चाचपडत बाहेर यायचं. पहिल्या वेळी मी शेजाऱ्याच्या पोटात लाथ घालून बाहेर आलो. तेव्हा हेलिकॉप्टर आणि पाणी यांच्याबद्दल मला प्रेम आहे, भाबडेपणा नाही.

आता हिशेब मांडू. पुण्याहून श्रीवर्धन सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. फोन आला, वैमानिक धावले, इंजिन सुरू झालं, परवानगी मिळाली, उड्डाण झालं. सगळं घड्याळासारखं झालं तरी किनाऱ्यावर पोचायला अर्धा-पाऊण तास. पावसाळ्यात घाटावर ढग बसले असतील तर निघणंच नाही. बुडणाऱ्याकडे किती वेळ असतो? श्वास बंद झाल्यावर चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले डझनाहून जास्त विद्यार्थी बुडाले. हेलिकॉप्टरं तिथेही आली होती. शोधायला.

मग ऑस्ट्रेलियावाल्यांनी काय वेडेपणा केला? नाही. तुम्ही वाचलंत ते खरं आहे, फक्त गोष्टीचा शेवटचा अध्याय आधी वाचलात. सिडनीचं ते हेलिकॉप्टर १९७३ साली सुरू झालं. एका बँकेने पैसा दिला, तो आजवर चालू आहे, लोकही देणग्या देतात, आणि वाचवलेल्या माणसाकडून बिल घेत नाहीत. पण ते सुरू कोणी केलं? तिथल्या किनाऱ्यावरच्या जीवरक्षक मंडळांनी. ही मंडळं १९०७ पासून होती. म्हणजे सहासष्ट वर्षं गावातली माणसं सुट्टीच्या दिवशी फुकट वाळूवर उभी राहिली, दोरी-रिळं घेऊन पाण्यात उतरली, आणि मग कुणाला तरी वाटलं की लांब वाहून गेलेल्यांसाठी वरून काही असलं तर बरं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला १९७० मध्ये असंच झालं. ब्रिटनमधली देणग्यांवर चालणारी लाइफबोट संस्था १८२४ ची आहे, लोक मृत्युपत्रात तिच्या नावाने पैसे ठेवतात. पण समुद्रावरून माणूस उचलणारी हेलिकॉप्टरं तिथे सरकारी खर्चाने उडतात, ती या संस्थेची नाहीत. स्वित्झर्लंडला समुद्रच नाही, तरी १९५२ पासून तिथे हवाई बचाव संस्था आहे आणि लाखो लोक तिचे वार्षिक वर्गणीदार आहेत. आपल्या मंडळासारखंच, फक्त डीजे नाही.

हेलिकॉप्टरचं खरं काम लांबच्या माणसासाठी असतं. बोट उलटलेले खलाशी, जहाजावर छातीत दुखू लागलेला माणूस, खडकावर अडकलेला कोणी. तेही दिसतं तितकं सोपं नाही. खाली येणाऱ्या वाऱ्याने पाण्याचे तुषार असे उडतात की डोळे उघडत नाहीत. वरून सोडलेल्या तारेत स्थिर वीज साचलेली असते, म्हणून हूक पाण्याला किंवा डेकला टेकल्याशिवाय हात लावायचा नाही. काखेत एकच पट्टा असेल तर हात वर केलात की सुळकन खाली. आणि बराच वेळ पाण्यात राहिलेल्या माणसाला उभा उचलला तर रक्तदाब कोसळून तो वर पोचेपर्यंत जाऊ शकतो, म्हणून दुसरा पट्टा गुडघ्यांखाली घालून त्याला आडवा उचलतात. हे करणारा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात. खर्च म्हणाल तर समुद्रावर न्यायचं म्हणजे दोन इंजिनं, दोन वैमानिक, विंच, चोवीस तास तयार असलेला चमू. उडायचा खर्च तासाला लाखांत जातो, आणि न उडता उभं ठेवायलाही पैसे लागतातच.

हे काम आपल्याकडे नौदल आणि तटरक्षक दल करतं. रत्नागिरीला आणि दमणला तटरक्षक दलाचे विमानतळ आहेत. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ हा बार्ज (तेलक्षेत्रातल्या कामगारांची तरंगती वसाहत) बुडाला, त्यावर २६१ माणसं होती. त्यातली १८० हून अधिक वाचली, आणि बहुतेकांना युद्धनौकांनी रात्रीच्या अंधारात पाण्यातून ओढून घेतलं. हेलिकॉप्टरं आली ती हवामान थोडं निवळल्यावर. माझ्या ओळखीची माणसं त्या रात्री त्या समुद्रात होती, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही.

किनाऱ्यावर माणूस कसा वाचतो ते एकदाच जवळून पाहिलंय. आमच्या सोसायटीची सहल होती, रायगडातला एक किनारा. विशीतला एक पोरगा कमरेइतक्या पाण्यात उभा होता, दोन मिनिटांनी तो वीस मीटर आत होता आणि किनाऱ्याकडे जीव तोडून हात मारत होता. जागचा हलत नव्हता. याला रिप करंट म्हणतात. लाटांनी वर आणलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून परत आत जातं, आणि नेमका तो पट्टा वरून शांत दिसतो, कारण तिथे लाटा फुटत नाहीत. पोरं म्हणूनच तिथे उतरतात. त्याच्याविरुद्ध पोहायचं नसतं, तरंगत राहायचं, हात वर करून ओरडायचं आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं. आम्ही चाळीस माणसं काठावर नुसती बोंबलत होतो. बनाना राइडवाल्या मुलाने ट्रकची ट्यूब घेऊन उडी मारली आणि त्याला बाजूने फिरवून बाहेर आणलं. सगळा मामला चार-पाच मिनिटांचा. पोराची आई रडत पाचशेची नोट पुढे करतेय आणि तो म्हणतोय, "काकू, आधी ट्यूब द्या, मालकाची आहे."

तोवर आमच्यातल्या एका डॉक्टर नसलेल्या गृहस्थांनी पोराचं पोट दाबून पाणी काढायला सुरुवात केली होती. कृपा करून हे करू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा, आणि १०८ ला फोन करा.

तेव्हा माझं म्हणणं असं, की वर्गणी त्या ट्यूबवाल्यासाठी काढा. त्याला स्वतःची ट्यूब, दोरी, शिट्टी, श्वास द्यायचं प्रशिक्षण, विमा, आणि शनिवार-रविवारची रोजंदारी. काही ग्रामपंचायती जीवरक्षक ठेवतात, पण बऱ्याच ठिकाणी एक माणूस आणि दीड-दोन किलोमीटर वाळू. गोव्यात २००८ पासून सरकारने किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमले आहेत, तेवढं होईपर्यंत आपण थांबायचं का? आणि हे पुणेकरांना नवीन नाही. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र दरीत पडलेल्यांना काढायला रात्री-बेरात्री उतरतात. स्वयंसेवक, दोर, लोकांची मदत. तेच समुद्रावर हवंय, आणि ते तिथल्या कोळीवाड्यातल्या पोरांनीच करायला हवं, आपण पैसे पुरवायचे. वाचवायला आपण पाण्यात उतरायचं नाही. टिळक तलावात पोहणं आणि समुद्रात पोहणं यात पर्वती आणि हिमालयाएवढा फरक आहे.

दुसरी गोष्ट फुकट आहे. प्रत्येक किनाऱ्याच्या तोंडाशी एक फळा, त्यावर खडूने आजच्या भरती-ओहोटीची वेळ. रायगडच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरहून जास्त वर-खाली होतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेलेली मंडळी गप्पा मारत बसतात आणि परतीची वाट पाण्याखाली जाते, ती याचमुळे. फळा नसेल तर कोळ्यांचा हिशेब वापरा: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढे वाजता पूर्ण भरती, दिवसा आणि रात्रीही. चतुर्थी असेल तर तीनला. तिथून सहा तासांच्या थोडं पुढे ओहोटी. हा अंदाज आहे, कधी अर्धा-एक तासही इकडे-तिकडे होतो, पण कालनिर्णय घरात सगळ्यांच्या असतंच.

तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये ठेवा, तो बोटीवरच्या संकटासाठी. पोलिसांसाठी ११२.

तुम्ही दर दोन महिन्यांनी जाता म्हणालात. पुढच्या वेळी षष्ठी असेल तर साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. म्हणजे साडेपाच-सहाला, सगळे सूर्यास्ताचा फोटो काढायला पाठ समुद्राकडे करून गुडघाभर पाण्यात उभे असतात ना, तेव्हा पाणी परत निघालेलं असतं. फोटो वाळूवरून काढा. आणि तिथे ट्यूबवाला दिसला तर त्याला विचारा की ट्यूब कोणाची आहे. मालकाचीच असेल तर मला इथे कळवा, ते पाच हजार तिथून सुरू करू.