पालक शाळेत सहभागी झाले तर मुलांच्या नागरिकत्वाच्या शिक्षणावर काय परिणाम होतो?

बराच होतो. पण प्रगतिपुस्तकावर सही करून निघून जाणं याला मी सहभाग म्हणणार नाही.

मूल पुस्तकापेक्षा मोठ्यांचं वागणं बघून शिकतं. पालकसभेत आई उठून विचारते, "मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, कधी बसवणार?" मुख्याध्यापक तारीख देतात, ती इतिवृत्तात लिहिली जाते आणि पुढच्या सभेत आई तोच विषय पुन्हा काढते. घरी हे ऐकणाऱ्या मुलीला हक्क, जबाबदारी, पाठपुरावा हे शब्द वेगळे समजवावे लागत नाहीत. तीच आई शिक्षकांवर नुसती ओरडून आली, तर मुलगी तेही उचलते.

'आयईए' या शैक्षणिक संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये ३८ देशांतल्या साधारण आठवीच्या मुलांना नागरिकशास्त्र किती समजतं, याचा अभ्यास केला. पालकांना सामाजिक-राजकीय विषयांत रस असणं आणि मुलांचं नागरी ज्ञान यांचा संबंध त्यातही दिसला.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. सभा कामाच्या वेळेत ठेवली की रोजंदारीवरचे पालक आपोआप गळतात, आणि बोलक्या, शिकलेल्या चार जणांचंच ऐकलं जातं. मुलांना हे दिसतं. म्हणून सभा संध्याकाळी ठेवा, आणि निदान एका विषयावर मुलांनाही बोलू द्या.