तुमचे प्रश्न, पैशाची उत्तरं: सगळ्या बँकांना एकदम कसं सांगायचं?

प्रश्न : नमस्कार, मी चिंचवडला एका कंपनीत आहे, वय ४१, पगार हातात ६४ हजार येतो. घराचा हप्ता १९,५००, दोन पर्सनल लोन मिळून २४ हजार, एका पतसंस्थेचा हप्ता ७,५०० (त्याला मेहुणा जामीन आहे), आणि तीन क्रेडिट कार्डांवर मिळून ३ लाख ९० हजार थकलेत, त्यांचं नुसतं मिनिमम ड्यूच साडेएकोणीस हजार होतं. म्हणजे पगारापेक्षा हप्ते जास्त. आतापर्यंत एका कार्डातून काढून दुसऱ्याचं भरत होतो, या महिन्यात ते पण जमलं नाही. बायकोला कार्डांचं अजून माहीत नाही. माझा मावसभाऊ लंडनजवळ असतो, त्याचं पण असंच झालं होतं, त्याने तिकडे आयव्हीए म्हणून काहीतरी केलं, सगळ्या बँकांचा मिळून एकच हप्ता झाला आणि शेवटी उरलेलं माफ झालं. आपल्याकडे असं आहे का? एका सेटलमेंट कंपनीचा फोन आला होता, ते म्हणतात सगळे हप्ते बंद करा, आम्ही निम्म्यात मिटवून देतो, फी १५ टक्के, त्यातली थोडी आधी. काय करू? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : दादा, सगळ्यात आधी त्या सेटलमेंटवाल्यांना एक पैसा देऊ नका, बाकीचं सावकाश बोलू.

मावसभावाने जे केलं ते खरं आहे, आणि ती सोय चांगली आहे. इंग्लंडमध्ये १९८६ च्या दिवाळखोरी कायद्यातच ती आहे. तिथे लायसन्स असलेला एक माणूस मध्ये असतो, तो तुमचा पगार, खर्च, देणी सगळं मांडून प्रस्ताव बनवतो, की हा माणूस महिन्याला इतके भरू शकतो, साधारण पाच-सहा वर्षं भरेल, नंतर राहिलेलं सोडून द्या. मग सावकारांचं मतदान होतं, आणि मत देणाऱ्यांपैकी रकमेच्या हिशोबाने ७५ टक्के लोक हो म्हणाले की ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्यावरही ते बंधनकारक होतं. यातली खरी किमतीची गोष्ट माफी नाहीये, ही बंधनकारक होण्याची आहे. एक बँक ऐकतेय आणि दुसरी कोर्टात जातेय असं तिथे होत नाही. अर्थात फुकट नाही काही, नाव सरकारी रजिस्टरमध्ये लागतं, कोणीही बघू शकतं, आणि मध्येच हप्ते थांबले तर सगळं मोडून पुन्हा मूळ कर्जावर येऊ शकतं, त्यामुळे मावसभावाने शेवटपर्यंत भरलं असेल तर त्याचं कौतुकच आहे.

आपल्याकडे कागदावर जवळजवळ हेच आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत माणसांसाठी वेगळा भाग आहे, त्यात परतफेडीची योजना आहे, तीन चतुर्थांशाचं मतदान आहे, सगळं आहे. फक्त तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू केला तो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता, म्हणजे मोठ्या प्रमोटर मंडळींपुरता. तुमच्या-माझ्यासारख्या पगारदाराला अजून १९२० चा जुना कायदा, आणि मुंबईत असाल तर १९०९ चा. कोर्टात अर्ज करून स्वतःला नादार, म्हणजे दिवाळखोर, घोषित करून घ्यायचं. मी वसुली खात्यात नोकरी केली, तो रस्ता पगारदार माणसाला मी सुचवणार नाही, वेळ जातो, वकील लागतो, आणि घर असेल तर तेही त्यात ओढलं जातं. मला विचाराल तर हा भाग सगळ्यांना लागू न करणं ही सरकारची सरळसरळ ढिलाई आहे, ॲपवर दोन मिनिटांत कर्ज मिळतं तर त्यातून बाहेर पडायचा दरवाजा पण कुठेतरी पाहिजे ना.

मग काय, तर जे काम तिकडे तो मधला माणूस करतो ते तुम्हाला स्वतःला करावं लागणार. अवघड नाहीये, किचकट आहे.

आज रात्री बायकोला सांगा. हे मी नैतिक वगैरे म्हणून सांगत नाहीये, तिला माहीत नसेल तर घरखर्चाचा खरा आकडा तुम्हाला कधीच मिळणार नाही, आणि पुढचं सगळं त्या आकड्यावर उभं आहे. समजा शाळा, किराणा, लाईट, आईची औषधं धरून घर २७ हजारात चालतं. उरले ३७. त्यातून घराचा हप्ता साडेएकोणीस पहिला, कारण तिथे बँकेकडे सरफेसीचा कायदा आहे, म्हणजे कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घ्यायचा, तीन महिने थकलं की खातं एनपीए (थकीत कर्ज), मग ६० दिवसांची नोटीस आणि नंतर ताबा. दुसरा हप्ता पतसंस्थेचा. व्याज कमी म्हणून नाही, मेहुण्यासाठी. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढते, आणि जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे तुमच्या आधीसुद्धा त्याचा पगार धरू शकतात, नाती तिथेच संपतात. आता उरले फक्त १० हजार, आणि पर्सनल लोन अधिक कार्डं मिळून मागणी आहे साडेत्रेचाळीस. हा जो खड्डा दिसतोय तो लपवायचा नाही, तोच कागदावर लिहून सगळ्यांना पाठवायचा.

एकच पत्र, दोन पर्सनल लोन आणि तीन कार्डं अशा पाचही ठिकाणी, एकाच दिवशी. पगाराची स्लिप, घरखर्च, सगळ्या देण्यांची यादी, आणि खाली असं की माझ्याकडे महिन्याला १० हजार उरतात, थकलेल्या रकमेच्या प्रमाणात ते तुम्हा पाच जणांत वाटून द्यायला तयार आहे, तर कृपया मुदत वाढवा, कार्डाची बाकी कमी व्याजाच्या टर्म लोनमध्ये (ठरावीक मुदतीच्या, हप्त्याच्या कर्जात) बदला. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाला चाळीसच्या वर, त्यावर जीएसटी, मिनिमम ड्यू भरत राहिलात तर मुद्दल जागचं हलत नाही, त्यामुळे कार्डवाल्यांकडे हाच मुद्दा धरून बसायचं. कस्टमर केअरच्या पोरांशी बोलून उपयोग नाही, त्यांच्या हातात काही नसतं, ईमेल नोडल ऑफिसरला, म्हणजे बँकेच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला करा आणि ब्रँचला देऊन पोच घ्या. आणि हे ९० दिवस व्हायच्या आत करा. तुमचा पहिलाच हप्ता चुकलाय, आत्ता तुम्ही बँकेच्या लेखी अडचणीतलं गिऱ्हाईक आहात, तीन महिन्यांनी थकबाकीदार व्हाल, बोलणारे लोक पण बदलतात.

पाचही जण हो म्हणणार नाहीत. दोन म्हणतील, एक गप्प बसेल, दोन जण वसुलीवाले पाठवतील. जे ऐकतात त्यांचं ठरल्याप्रमाणे भरायला लागा. जे ऐकत नाहीत त्यांच्याशी पुढे तडजोड, म्हणजे थकलेल्यापेक्षा कमी रकमेत कर्ज मिटवायचं, आपण ज्याला सेटलमेंट किंवा ओटीएस म्हणतो ती. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ ला याची चौकट दिली आहे, प्रत्येक बँकेला स्वतःचं धोरण ठेवावं लागतं. पण ओटीएसला रोख रक्कम लागते, मोकळी आश्वासनं चालत नाहीत, आणि तीन महिन्यांपेक्षा लांब हप्ते मागितले तर ते तडजोड न धरता पुनर्रचना धरतात. त्यामुळे आत्तापासून बघा काय मोडता येईल, लॉकरमधलं सोनं असेल, आरडी असेल, दुसरी गाडी असेल. पीएफला मात्र हात लावू नका. पीएफ आणि ग्रॅच्युइटीवर कोर्टाची जप्तीसुद्धा येत नाही, जे पैसे सावकार नेऊ शकत नाही ते तुम्ही स्वतःहून काढून त्याला देताय असं होईल.

सेटलमेंट ठरलं की पैसे भरायच्या आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र, त्यात खाते नंबर, रक्कम, तारीख आणि ही पूर्ण व अंतिम तडजोड आहे हे वाक्य. पैसे फक्त कर्जखात्यात भरायचे, एजंटच्या यूपीआयवर नाही, तो कितीही गोड बोलला तरी नाही. नंतर नो ड्यूज, म्हणजे काही देणं उरलं नाही असा बँकेचा दाखला. सिबिलला, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदीत, ‘क्लोज्ड’ न येता ‘सेटल्ड’ येईल आणि ते बरीच वर्षं राहतं, ती बँक किमान १२ महिने तुम्हाला नवीन कर्ज देणार नाही. तुमच्यासाठी ही शिक्षा आहे असं मला वाटत नाही, नवीन कर्ज न मिळणं हेच सध्या औषध आहे.

आता ती कंपनी. ते म्हणतात हप्ते बंद करा. हप्ते बंद केले की नॅच, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची जी परवानगी तुम्ही दिलेली असते ती, बाउन्स होते, आणि नॅच बाउन्सवर चेक बाउन्ससारखीच फौजदारी तक्रार होऊ शकते हे ते फोनवर सांगत नाहीत. तुम्ही वाचवलेले पैसे त्यांच्या फीमध्ये जातात, बँक त्यांना ओळखतही नाही, आणि वर्षभराने तुम्ही आहात तिथेच, वर आर्बिट्रेशनची (लवादाची) नोटीस. बँकेशी बोलायला मध्ये कोणी लागत नाही हो.

अजून काही सुटी सुटी सांगतो. पगाराचं खातं ज्या बँकेत आहे तिचंच कार्ड किंवा लोन असेल तर बँक पगारातून परस्पर वळतं करून घेऊ शकते, तेव्हा पगार अशा बँकेत घ्या जिथे तुमचं काही देणं नाही. निव्वळ कर्ज थकलं म्हणून पोलीस पकडून नेत नाहीत, हे दिवाणी प्रकरण आहे, ‘अरेस्ट वॉरंट’चे व्हॉट्सॲप मेसेज येतील ते डिलीट करू नका, जपून ठेवा. कोर्टाची डिक्री (वसुलीचा हुकूम) झालीच तरी सगळा पगार जप्त होत नाही, पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकी, म्हणजे ढोबळ एक तृतीयांशच धरता येतो. आणि लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरून घरी बसू नका, जरूर जा. तिथे फी नाही, बँकेचा अधिकारी समोर असतो आणि तो त्या दिवशी केस मिटवायच्या मूडमध्ये असतो, चांगली सूट तिथेच मिळते. फक्त तिथला निवाडा कोर्टाच्या डिक्रीसारखा, त्यावर अपील नाही, त्यामुळे झेपणार नाही असा हप्ता मान्य करून सही करून येऊ नका.

पतसंस्थेकडे मुदत वाढवून घ्यायला गेलात तर मेहुण्याला बरोबर न्या. जामीनदाराची संमती न घेता कर्जदाराला वाढीव मुदत दिली तर जामीनदार सुटतो, असं करार कायद्यात आहे, म्हणून त्याची सही ते मागणारच, आणि ती मागितल्यावर त्याला कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.

प्रश्न : माझे मिस्टर चार महिन्यांपूर्वी गेले. त्यांच्या नावावर पर्सनल लोन आणि एक कार्ड होतं, मी कुठेही सही केलेली नाही. रिकव्हरीवाले मला आणि कॉलेजात असलेल्या मुलाला रात्री नऊ-दहाला फोन करतात, म्हणतात निदान पाच हजार तरी भरा, अर्जावर सही करा, नाहीतर पीएफचे पैसे अडकवू. — एक भगिनी, मिरज

उत्तर : ताई, काही भरू नका आणि कशावरही सही करू नका. तुम्ही सहकर्जदार नाही, जामीनदार नाही, तर तुमच्या स्वतःच्या पगारातून किंवा दागिन्यातून हे कर्ज फेडायची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. मिस्टरांची जी मालमत्ता वारसाने तुमच्याकडे आली तेवढ्यापुरताच बँकेचा हक्क. आणि पीएफचं ते साफ खोटं बोलतायत, नॉमिनीला मिळणारी पीएफची रक्कम मयताच्या देण्यांपासून कायद्यानेच मुक्त आहे.

मृत्यूचा दाखला जोडून बँकेला लेखी कळवा आणि त्याच पत्रात विचारा की या कर्जावर विमा काढलेला होता का. कर्ज देताना बँका बऱ्याचदा विमा गळ्यात मारतात, प्रीमियम कर्जातूनच कापलेला असतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो, लोनचं जुनं स्टेटमेंट काढून पहिल्या महिन्यात काय कापलंय ते बघा. विमा निघाला तर कर्ज तिथेच मिटू शकतं.

फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. कॉलची वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून आधी बँकेकडे तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन, त्याला पैसे पडत नाहीत. मुलाला सांगून ठेवा, फोन उचलायचा, नाव आणि एजन्सी विचारायची, ‘आईने बँकेला पत्र दिलंय’ एवढं बोलून ठेवून द्यायचा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी कार्ड सेटल केलं, पत्र आहे, पैसे भरल्याची पावती आहे, तरी सिबिलवर बाकी दिसतेय. — नाशिक

उत्तर : ‘सेटल्ड’ दिसत असेल तर ते बरोबर आहे, सोडलेली रक्कम भरून नो ड्यूज घेतल्याशिवाय ते बदलत नाही. पण बाकी रक्कम दिसत असेल तर ती चूक आहे. सिबिलच्या साईटवर डिस्प्यूट (चुकीच्या नोंदीची तक्रार) टाका, बँकेलाही तेच मेल करा, पत्र आणि पावती दोन्हीकडे जोडा. ३० दिवसांत दुरुस्त झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, मेलमध्ये ते वाक्य पहिल्याच ओळीत टाका.